बोक्याची निशाणी

आपल्या भाषेंत ‘खच्ची’ या शब्दाचा वापर फार सैलपणें होतो. शब्द मूळचा गोठ्यांतला. गोऱ्हा औताला जुंपण्यापूर्वीं त्याला खच्ची करीत, आणि मग तो मान खालीं घालून जन्मभर नांगर ओढी. पुढें हा शब्द गोठ्यांतून सभागृहांत आणि सभागृहांतून घराघरांत शिरला. आतां कार्यकर्ते खच्ची होतात, विद्यार्थी खच्ची होतात, संपादकांच्या एका ओळीच्या पत्रानें होतकरू कवि खच्ची होतो. या सर्व प्रयोगांच्या मुळाशीं एक समजूत आहे. ती अशी कीं, प्राण्याचा एक विवक्षित अवयव काढून टाकला म्हणजे त्याच्याबरोबर त्याची हांव, त्याचा अभिमान आणि ‘हें माझें’ असें म्हणण्याची त्याची वृत्ति हीं सर्व निघून जातात व मागें केवळ एक आज्ञाधारक शरीर उरतें. बैलाविषयीं ही समजूत कितपत खरी आहे तें बैलच जाणोत. बोक्याच्या बाबतींत ती खरी नाहीं, एवढें मी धरमपेठेंतील माझ्या घराच्या भिंतींकडे बोट दाखवून सांगूं शकतों.

आमच्या बोक्याचें नांव सुभेदार. २०१९ च्या पावसाळ्यांत माझ्या धाकट्या मुलीनें गोकुळपेठेच्या भाजीबाजारांतून त्याला दप्तरांत घालून घरीं आणलें, तेव्हां तो तिच्या ओंजळींत मावत होता. सात महिन्यांचा झाल्यावर त्याच्यावर ती सुपरिचित शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचीं चार वर्षें त्याचें वर्तन एखाद्या निवृत्त न्यायाधीशाला शोभण्यासारखें होतें. सकाळीं पुढच्या खोलीच्या पूर्वेकडील खिडकींत तो जाऊन बसे. तेथून आवाराची भिंत, एक कडुलिंबाचें झाड आणि लक्ष्मीभुवन चौकाकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा दिसतो. या मुलखाची पाहणी आटोपली म्हणजे तो माझ्या टेबलाच्या पायाला, पुस्तकांच्या कपाटाला आणि शेवटीं माझ्या पोटरीला गाल घांसून जाई. डॉ. जॉन्सनसारखा भारदस्त कोशकार आपल्या हॉज नांवाच्या मांजरासाठीं स्वतः जाऊन कालवें विकत आणीत असे, ही बॉस्वेलनें नोंदवून ठेवलेली हकीगत वर्गांत सांगतांना मला पूर्वीं हंसूं येई. सुभेदार घरांत आल्यापासून ती मला एक साधी व्यवहारांतली गोष्ट वाटूं लागली.

२०२४ च्या एप्रिल महिन्यांत या न्यायाधीशानें आपलें आसन सोडलें. पहिल्या दिवशीं पुढच्या खोलीचा पडदा, तिसऱ्या दिवशीं पुस्तकांच्या कपाटाची कड, मग दाराची चौकट. हा प्रकार म्हणजे मांजराची नेहमींची लघवी नव्हे, हें पाहणाऱ्याच्या तेव्हांच लक्षांत येतें. नेहमींच्या विधीसाठीं सुभेदार आपल्या वाळूच्या घमेल्यांत जाई, खालीं बसे, आणि मागाहून वाळू ओढून सर्व कांहीं सद्गृहस्थाप्रमाणें झांकून टाकी. या नव्या विधींत तो बसत नसे, उभा राही. निवडलेल्या वस्तूकडे पाठ करी, शेंपटी ताठ उभी करी, तिच्या टोकाला बारीक कंप सुटे, मागचे पाय जागच्या जागीं तुडवल्यासारखे हलत, आणि मग एक बारीक पिचकारी दुसऱ्या एखाद्या मांजराच्या नाकाला बरोबर येईल अशा उंचीवर भिंतीवर उडे. झांकण्याचा प्रश्नच नव्हता. जी गोष्ट दुसऱ्यानें वाचावी म्हणून लिहिली, ती कोण झांकून ठेवतो?

इथवर प्रकरण फडक्यानें पुसण्यासारखें होतें. परंतु महिन्याच्या शेवटीं सुभेदारानें देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर आपली निशाणी उठवली, आणि देव्हारा माझ्या आईचा होता.

आई त्या वर्षीं संक्रांतीनंतर आमच्याकडे कायमची राहायला आली होती. तिचें वय तेव्हां एक्याऐंशीं. लग्न होऊन आल्यापासून ती महालांतल्या एका जुन्या वाड्यांत राहिली. वडील गेल्यावरही कांहीं वर्षें तिनें तेथें एकटीनें काढलीं. मग भावकींत वाटण्या होऊन वाडा विकला गेला, आणि ती एक पितळी देव्हारा, दोन ट्रंका व एक पोतें भांडीं घेऊन धरमपेठेंत आली. महाल ते धरमपेठ हें अंतर रिक्षावाल्याच्या हिशेबानें फार नाहीं. परंतु जिनें साठ वर्षें एकाच अंगणांत तुळशीला पाणी घातलें, तिला तें मोजतांना निराळें माप घ्यावें लागतें. पुढची खोली आम्हीं तिला दिली. तिच्या भांड्यांवर, आपल्याकडच्या रीतीप्रमाणें, नांवें कोरलेलीं होतीं. कोणावर मुंजीची तारीख, कोणावर मंगळागौरीची. पहिल्या आठवड्यांतच तिनें आमचीं व तिचीं भांडीं निरनिराळ्या फळ्यांवर लावून घेतलीं. बोलतांना ती ‘तुमच्या घरांत’ असें म्हणे. त्यांत राग नव्हता. तो केवळ तिच्या दृष्टीनें बिनचूक असा शब्दप्रयोग होता.

देव्हाऱ्याशेजारचा प्रकार घडला तेव्हां ती ओरडली नाहीं. तिनें देव उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाली, “अरे, तुमच्या घरांत मला देवापाशीं बसतां येत नसेल, तर मी आपली महालांत जाते.” महालांत जायला आतां जागा उरली नव्हती, हें तिला माहीत होतें, आम्हांलाही माहीत होतें. म्हणूनच त्या वाक्याला उत्तर देणें कठीण होतें.

घरांत चार मतें पडलीं. सौभाग्यवतीचें म्हणणें पडले कीं, बोक्याला आईचा मत्सर वाटतो. मुलीचें म्हणणें, तो आजारी आहे. आईचें म्हणणें, तो मुद्दाम करतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना कारणांत रस नव्हता. त्यांच्याजवळ उपायच तयार होता. “सर, याले पोत्यांत घाला अन् अंबाझरीच्या पल्याड सोडून द्या जी. रस्ता दिसला नाहीं का वापस येत नाहीं.” हा उपाय आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मांजर मारणें हें महापाप, त्याच्या प्रायश्चित्ताला काशीला जाऊन सोन्याचें मांजर दान करावें लागतें, असें जुन्या बायका सांगत. परंतु मांजर सोडून येणें याला पाप म्हटल्याचें मीं कधीं ऐकलें नाहीं. धर्मानें जेथें डोळेझांक केली तेथें कायद्यानें मात्र बोट ठेवलें आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणें, उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राण्याला टाकून देणें हा गुन्हा आहे. पांच वर्षें वाटींतलें खाल्लेला बोका मे महिन्यांत अंबाझरीपलीकडे सोडणें म्हणजे काय, हें सांगायला वकील नको. शिवाय पोत्याचें तोंड बांधण्यापूर्वीं मला एक गोष्ट दिसत होती. त्या खोलींत जागा गमावलेले जीव दोन होते, आणि त्यांपैकीं एकाला घराबाहेर काढून दुसऱ्याला ‘हें घर तुझेंच आहे’ असें पटवून देतां येईल, यावर माझा विश्वास बसेना.

म्हणून मुलीचें मत आधीं तपासावयाचें ठरलें. सेमिनरी हिल्सवर १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. विदर्भांतल्या गाईम्हशींच्या कित्येक पिढ्या त्याच्या ऋणांत आहेत. तेथें आतां टोपलींतून मांजरें घेऊन आलेल्या माणसांचीही गर्दी असते. डॉक्टरांनीं प्रथम मूत्राची तपासणी केली. कारण, मांजरानें नको तेथें लघवी केली म्हणजे तें खोडीच करीत असतें असें नव्हे. मूत्राशयाला सूज आली, मूत्रांत खडे धरले, तरी तें घमेलें टाळूं लागतें. आणि बोक्याचा मूत्रमार्ग इतका अरुंद असतो कीं, तो तुंबला तर एकदोन दिवसांत प्राणावर बेततें. जो बोका वारंवार बसून कुंथतो आणि ज्याला थेंबही होत नाहीं, त्याला रागावत बसूं नये, तांतडीनें दवाखान्यांत न्यावें. सुभेदाराचें तसें कांहीं नव्हतें. तो प्रकृतीनें ठणठणीत होता.

“परंतु शस्त्रक्रिया झालेली आहे ना?” हा माझा प्रश्न डॉक्टरांना नवा नव्हता. त्यांनीं जें सांगितलें तें मीं पुढें वाचूनही पाहिलें. मोठ्या वयांत खच्ची केलेल्या शंभर बोक्यांपैकीं सुमारें नव्वदांची ही संवय सुटते, असें कॅलिफोर्निया विद्यापीठांतील संशोधकांना १९७३ सालीं आढळलें. लहानपणींच शस्त्रक्रिया केलेल्यांची पाहणी १९८४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत बोक्यांपैकीं शेंकडा दहा आणि भाट्यांपैकीं शेंकडा पांच पुढें केव्हां ना केव्हां पिचकारी मारूं लागतात असें दिसून आलें. याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ असते असा नव्हे. शंभरांत नव्वद हा निकाल आमच्या विद्यापीठाच्या कोणत्याही परीक्षेला भूषणावह होईल. परंतु ती शस्त्रक्रिया वासनेचें बळ कमी करते, स्वभावाचा आराखडा बदलत नाहीं. तो आराखडा मेंदूंत शस्त्रक्रियेच्या पुष्कळ आधीं आंखला गेलेला असतो. पुरेसें कारण घडलें कीं विझलेल्या चुलींतही निखारा सांपडतो.

या निशाणीच्या वासाविषयीं चार शब्द लिहिणें प्राप्त आहे, कारण ज्यांनीं तो घेतला नाहीं त्यांना घरांतल्या चर्चेचा पारा इतका कां चढला हें समजणार नाहीं. मांजराच्या मूत्रांत ‘फेलिनिन’ नांवाचें एक गंधकयुक्त द्रव्य असतें. तें तयार होण्यास मदत करणारें प्रथिन जपानी संशोधकांनीं शोधून काढलें, आणि हें द्रव्य अखंड बोक्यांत फार व खच्ची बोक्यांत कमी असतें असें २००६ सालीं दाखवून दिलें. आमच्या नाकांना ही सवलत जाणवली नाहीं. शिवाय या द्रव्याची गंमत अशी कीं, तें ताजें असतांना फारसें दरवळत नाहीं. हवेंत तें हळूहळू मोडतें आणि वास चढत जातो. म्हणजे आज पुसलेली भिंत परवां बोलूं लागते.

आणि गंमत पाहा. हाच विधि रानांत पाहावयाला मिळावा म्हणून आपण पैसे मोजतों. नागपूर हें व्याघ्रप्रकल्पांचें प्रवेशद्वार. हिंवाळा सुरू झाला कीं, ताडोबाला व पेंचला जाणाऱ्या गाड्या पहाटेपासून धांवूं लागतात. तेथें एखादा वाघ झाडाच्या बुंध्याकडे पाठ करून शेंपटी उभी करतो आणि सुभेदारासारखीच पिचकारी उडवतो, तेव्हां जीपमधलीं माणसें श्वास रोखून छायाचित्रें घेतात. ओडिशांतील सिमलीपालच्या जंगलांत सरोजराज चौधरी या वनाधिकाऱ्यांनीं ‘खैरी’ नांवाची वाघीण घरांत पाळली होती. कलकत्त्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनीं तिच्या निमित्तानें या गंधखुणांचा अभ्यास सुरू केला, आणि बासमतीच्या भाताला जो घटक सुगंध देतो तोच वाघाच्या या फवाऱ्यांत असतो, असें त्यांना पुढें आढळून आलें. वाघाच्या सहीला भाताचा सुवास आणि घरच्या बोक्याच्या सहीला मात्र सडक्या गंधकाची दुर्गंधी, यांत निसर्गाचा पक्षपात आहे खरा. परंतु दोघांचा मजकूर एकच असतो: ‘येथें मी राहतों.’

हा मजकूर केवळ मार्जारकुलांतच लिहिला जातो असेंही नाहीं. एस्. टी.च्या खिडकींतून आंत रुमाल फेंकून जागा धरणारा गृहस्थ दुसरें काय करतो? आमच्याच गल्लींत ‘फाटकासमोर वाहनें उभीं करूं नयेत, केल्यास हवा सोडली जाईल’ अशा पाट्या सहा आहेत. दाराच्या पाटीवर नांवाखालीं पदव्या कोरणारे आम्ही प्राध्यापक या पंक्तींतून सुटत नाहीं. परंतु एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ही पाटी कोण लावतो? ज्याच्या फाटकासमोर रोज कोणीतरी गाडी लावून जातो तो. ज्याच्या दारांत कोणी येतच नाहीं तो पाटी रंगवण्याच्या खटाटोपांत पडत नाहीं. पाटीवर जरी ‘हें माझें’ असें लिहिलेलें असलें, तरी तिच्या मागें ‘हें खरोखर माझें आहे ना?’ हा प्रश्न उभा असतो.

मांजर हा प्रश्न आणि त्याचें उत्तर निरनिराळ्या लिपींत लिहितें. गाल घांसणें हीही एक निशाणीच आहे. मांजराच्या गालांत गंधग्रंथि असतात, आणि जी वस्तु त्याच्या ओळखीची, विश्वासाची, तिला तें गालाचा वास लावतें. पात्रिक पाझा या फ्रेंच पशुवैद्यानें या गंधांचा अभ्यास करून एक कृत्रिम गंध तयार केला. तो गेल्या शतकाच्या अखेरीपासून बाजारांत मिळतो. त्याच्यामागील निरीक्षण साधें आहे: जेथें गालाची खूण असते तेथें मांजर सहसा पिचकारी मारीत नाहीं. ज्याची खात्री आहे त्याला गाल, ज्याची शंका आहे त्याला शेंपटी. सुभेदार सूड घेत नव्हता आणि मत्सरही करीत नव्हता. चार वर्षें ज्या कपाटाला त्यानें गाल लावला त्याला आतां तो पाठ दाखवीत होता, याचा अर्थ एवढाच कीं, त्या कपाटाविषयींची त्याची खात्री गेली होती.

ती कशानें गेली? डॉक्टरांनीं तीन प्रश्न विचारले होते. घरांत नवें माणूस आलें आहे का? सामानाची मांडणी बदलली आहे का? खिडकीबाहेर दुसरें मांजर दिसतें का? पहिल्या दोहोंचें उत्तर होकारार्थी होतें. आईबरोबर एका परक्या वाड्याचा वास घेऊन आलेल्या ट्रंका त्या खोलींत शिरल्या होत्या. आणि होळी झाल्यावर, वयोवृद्ध माणसाला नागपूरचा उन्हाळा सोसवणार नाहीं म्हणून, पुढच्या खोलींत नवा कूलर बसवला होता. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठीं सांगावयास हवें कीं, येथें पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि होळीनंतर घरोघर कूलर बसवणें हा आमच्याकडे एखाद्या कुळाचारासारखा विधि आहे. खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर ती पेटी चढते, तिच्या तीन बाजूंच्या ताट्यांवर पाणी ठिबकत राहतें, आणि बाहेरची हवा त्या ओल्या ताट्यांतून ओढून पंखा ती खोलींत सोडतो. हा कूलर पूर्वेच्या खिडकींत बसला. म्हणजे सुभेदाराचें आसन गेलें.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर कोणालाच देतां येईना, कारण रात्रीं आम्ही सर्व झोंपलेले. जागें माणूस घरांत एकच होतें, आणि तें या खटल्यांतलें फिर्यादी होतें. म्हातारपणची झोंप, रात्रीं तीनला आईचा डोळा उघडतो तो उघडतोच. मीं तिला बाहेर लक्ष ठेवायला सांगितलें, तेव्हां तिनें “मांजराची साक्ष काढायला मला बसवतोस होय?” असें म्हटलें खरें, पण चौथ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं तिनें आपण होऊन जबानी दिली.

“कूलरच्या घोड्यावर एक पिवळा बोका येऊन बसतो रे. हा एवढा थोराड. पाणी गळतं तिथं जीभ लावतो, गारव्याला बसतो, आणि जातांना ताटीवर लघवी करून जातो. पंखा चालू असतो. तो सगळा वास आंत येतो. मग हा माझ्या खाटेखालीं गुरगुरत बसतो रात्रभर.” थोडें थांबून ती म्हणाली, “याच्या दारांत रोज रात्रीं कुणीतरी येऊन सांगून जातं कीं हे घर तुझं नाही. तो तरी काय करील?”

एवढा सरळ निष्कर्ष आमच्या दोन ग्रंथालयांत मिळून मला सांपडला नसता.

तो पिवळा बोका कोठला हें कामाच्या बाईंनीं सांगितलें. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरांत चार तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव भरून वाहूं लागला आणि नाग नदीच्या कांठच्या वस्त्यांत माणसांच्या छातीएवढें पाणी शिरलें. सैन्याला बोलावून लोकांना नावांतून काढावें लागलें. माणसांची मोजदाद झाली, पंचनामे झाले. कुत्र्यामांजरांची कोण करणार? हा बोका त्या पुरानंतर आमच्या गल्लींत दिसूं लागला, असें बाईंचें म्हणणें. “तिकडच्याच कोणाच्या तरी घरचा होता जी. पाण्यानं इकडे आला.” म्हणजे ज्याला आम्ही चोर समजत होतों तोही घर गमावलेलाच निघाला. त्याला त्या उन्हाळ्यांत पाणी आणि गारवा यांची एकच जागा सांपडली होती, आणि तिच्यावर आपलें नांव घालण्याचा एकच मार्ग त्याला ठाऊक होता.

कारण कळल्यावर उपाय आपोआप सुचले. ते येथें लिहून ठेवतों, कोणाच्या तरी उपयोगीं पडतील. प्रथम घरांतील फिनेल बाहेर गेलें. आपल्याकडे दुर्गंधीवर फिनेल ओतणें हा धर्म आहे. परंतु त्यांतील द्रव्यें पचवून बाहेर टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत नसते, आणि फिनेलनें पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटलेलें मांजर दगावूं शकतें. डांबराच्या गोळ्या आणि तापावरच्या आपल्या साध्या गोळ्या यांचेंही तसेंच. अमोनियाचा वास असलेलीं द्रावणें तर मुळींच वापरूं नयेत. मांजराला तो मूत्राचाच वास वाटतो आणि तें पुन्हां सही करतें. डाग मोडून काढणारें पाचक द्रव्यांचें पाणी बाजारांत मिळतें, तें लावून भिंत आपोआप वाळूं दिली. पडदे आमच्या उन्हांत टाकले. नागपूरच्या मे महिन्याचे उपकार मानण्याचा प्रसंग असा क्वचितच येतो. वाळूचीं घमेलीं एकाऐवजीं दोन केलीं, कारण मांजरें जितकीं त्यापेक्षां एक घमेलें अधिक असावें असा नियम आहे. ओरडणें व मारणें सर्वांना बंद. जो भीतीनें पाटी लावतो त्याला आणखी भिवविलें तर तो दोन पाट्या लावील. कूलर दक्षिणेच्या खिडकींत गेला आणि पूर्वेची खिडकी तिच्या मूळ मालकाला परत मिळाली. मुलीनें एक मऊ फडकें सुभेदाराच्या गालांवरून फिरवून तें देव्हाऱ्याच्या भिंतीवर, कपाटावर, चौकटीवर रोज चोळलें. माणसाच्या उदासीनतेवर देतात तेंच औषध अशा मांजरांनाही गुणकारी ठरतें, असें २००१ सालच्या प्रयोगांत दिसलें आहे. डॉक्टरांनीं तें राखून ठेवलें होतें. त्याची गरज पडली नाहीं.

राहिला पिवळा बोका. त्याला हांकलून लावण्याचा विचार निघाला तेव्हां आईच म्हणाली, “तो तरी कुठं जाईल?” हें काम करणाऱ्या कांहीं तरुणांनीं एका रात्रीं पिंजरा लावून त्याला पकडलें, त्याच्यावरही शस्त्रक्रिया झाली, आणि तीन दिवसांनीं त्याला पुन्हां आमच्याच गल्लींत सोडलें. शस्त्रक्रिया झाल्याची ओळख म्हणून अशा मांजरांच्या एका कानाचें टोक छाटतात. म्हणजे त्याच्या अंगावर आतां माणसांची निशाणी आहे. त्याच्यासाठीं कडुलिंबाखालीं मातीच्या परळांत पाणी ठेवूं लागलों. पाणी मिळाल्यावर खिडकीपाशीं येण्याचें त्याला कांहीं कारण उरलें नाहीं. आवाराच्या भिंतीवर तो बसतो, खिडकीच्या आंत सुभेदार बसतो, आणि दोघेही एकमेकांकडे न पाहण्याचा सराव करतात. शेजारधर्माची याहून अधिक अपेक्षा मी माणसांकडूनही करीत नाहीं.

हें सर्व एका रात्रींत झालें नाहीं. मे महिन्यांत आठवड्याला दोन, जूनमध्यें एक, आणि श्रावणापर्यंत निशाण्या थांबल्या. दिवाळीच्या फटाक्यांत एकदां पडद्यावर पुन्हां ओळ उमटली. ती आम्हीं मुकाट्यानें धुतली. घाबरलेला जीव जुन्या अक्षरांकडे वळतो, त्याला इलाज नाहीं. आईचें आणि सुभेदाराचें कांहीं सख्य जमलें असेंही म्हणवत नाहीं. ती त्याला मांडीवर घेत नाहीं, तोही तिच्याकडे मागायला जात नाहीं. देव्हारा तिनें वरच्या फळीवर मांडून घेतला. मात्र रात्रीं तीनला ती उठते तेव्हां खाटेखालीं कोणी गुरगुरत नाहीं, आणि सकाळीं पूर्वेच्या खिडकीशीं एका बाजूला तिची खुर्ची व दुसऱ्या बाजूला त्याची बैठक असते.

त्या वर्षीं धनत्रयोदशीला सौभाग्यवतीनें स्टीलचा एक मोठा डबा आणला. आईच्या फळीवरील भांड्यांत असा डबा नव्हता, म्हणून तो तिलाच द्यावयाचा होता. दुकानदारानें नांव घालण्यासाठीं यंत्र हातांत घेऊन विचारलें, तेव्हां सौभाग्यवतीनें दुकानांतूनच आईला फोन लावला: नांव कोणतें घालूं, तारीख कोणती घालूं?

“नांव कशाला आतां?” आई म्हणाली. “घरचाच तर आहे.”

तो डबा आज आमच्या फळीवर आहे कीं तिच्या, हें मला सांगतां येणार नाहीं. दोन्ही फळ्यांवरचीं भांडीं हल्लीं एकमेकांत मिसळून गेलीं आहेत.